रूपाचे नाव आणि रूपाचे कार्य
नव्या कराराच्या ग्रीक भाषेच्या अध्यापनात व्याकरण व भाषाविज्ञान

नव्या कराराची ग्रीक भाषा शिकविणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. पहिली परंपरागत व्याकरणाची. विभक्ती, काळ, अर्थ व प्रयोग यांचे तक्ते विद्यार्थ्याने मुखोद्गत करावयाचे आणि त्यांच्या आधारे वाक्य सोडवावयाचे. दुसरी वाट भाषाविज्ञानाची. फर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील मुख्य विचार असा की, भाषेतील कोणत्याही घटकाचे मूल्य त्या एकट्यात नसते. त्याच भाषेतील इतर घटकांहून तो ज्या प्रकारे वेगळा असतो, त्या वेगळेपणातून ते ठरते.

यांपैकी एकच वाट धरावी, असा आग्रह कधी कधी आढळतो. तो योग्य नव्हे. व्याकरण रूपाला नाव देते, भाषाविज्ञान त्या रूपाचे कार्य तपासते. आणि मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत ही तपासणी त्याच्या मातृभाषेपासून सुरू झाली पाहिजे. हा केवळ वर्गातील सोयीचा प्रश्न नाही. रूपाच्या नावावरून काढलेला सिद्धांत व्यासपीठावर चढतो आणि तेथून मंडळीच्या श्रद्धेत उतरतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 'अओरिस्ट' हा भूतकाळ. हे रूप 'एकदाच व कायमची' घडलेली क्रिया दाखविते, असे अनेक प्रवचनांतून सांगितले जाते. वस्तुतः या ग्रीक नावाचा अर्थच 'सीमा न आखलेला' असा आहे. क्रिया किती वेळ चालली, किती वेळा झाली, यासंबंधी हे रूप काही बोलत नाही. ते क्रियेकडे एक अखंड घटना म्हणून पाहते. योहान २:२० मध्ये मंदिराच्या शेहेचाळीस वर्षे चाललेल्या बांधकामाकरिता हेच रूप वापरले आहे. फ्रँक स्टॅग यांनी १९७२ साली एका लेखात या रूपाच्या अशा गैरवापराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. यामुळे ख्रिस्ताच्या एकदाच झालेल्या अर्पणाच्या सिद्धांताला बाध येतो काय? मुळीच नाही. रोमकरांस ६:१० व इब्री ७:२७ येथे 'एकदाच' हा अर्थ 'एफापाक्स' या स्वतंत्र शब्दाने दिला आहे. सिद्धांत त्या शब्दावर उभा आहे, क्रियापदाच्या काळावर नव्हे.

आता मराठीकडे पाहू. 'तो आला', 'तो येत होता', 'तो आला आहे' या तीन वाक्यांतील भेद मराठी मुलाला कोणी शिकवावा लागत नाही. ग्रीकमधील अओरिस्ट, अपूर्ण व पूर्ण या रूपांतील भेद त्याच्याशी बराच जुळतो. १ करिंथकरांस १५:३-४ मध्ये ख्रिस्ताचे मरण व पुरले जाणे अओरिस्टने सांगितले आहे, पण उठविले जाणे पूर्णरूपाने सांगितले आहे. पहिल्या दोहोंना 'मरण पावला', 'पुरला गेला' ही रूपे शोभतात. तिसऱ्याला 'उठविला गेला आहे' असे म्हणावे लागते. या 'आहे'मध्ये पौलाचा मुद्दा आहे: जो उठविला गेला तो आजही जिवंत आहे.

आज्ञार्थाचेही तसेच. रोजच्या भाकरीच्या प्रार्थनेत मत्तय ६:११ येथे 'दोस' हे अओरिस्ट रूप आहे, तर लूक ११:३ येथे 'दिदू' हे वर्तमानाचे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला दोन्हीकडे एकच क्रियापद दिसते. मराठीत मात्र 'दे' आणि 'देत जा' अशी दोन रूपे सिद्ध आहेत. मत्तय 'आज' म्हणतो, लूक 'दररोज' म्हणतो. क्रियापदे त्याला अनुसरून आहेत. येथे 'वर्तमान' हे नाव काळ सांगत नाही, सातत्य सांगते.

परंतु मातृभाषा साहाय्य करते तशी अडथळाही आणते. 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. ग्रीक तक्त्यातील ज्या प्रयोगात कर्माला प्राधान्य असते, त्यालाही 'कर्मणी' हेच नाव दिले की विद्यार्थी दोन्ही गोष्टी एक समजतो. वास्तविक 'देवाने उठविले' याला ग्रीकमध्ये सरळ कर्तरी रूप आहे; प्रेषितांची कृत्ये ३:१५ मध्ये कर्ता प्रथमेत असून क्रियापद त्याच्याशी जुळते. मार्क १६:६ मधील रूप मात्र 'उठविला गेला' असे आहे आणि तेथे कर्ता अनुक्त आहे. बेळगावकडच्या ज्या विद्यार्थ्याला कानडी येते, त्याला हे लवकर उमगते, कारण कानडीत भूतकाळातही कर्ता प्रथमेतच राहतो व क्रियापद त्याच्याशी जुळते. आपल्या जुन्या व्याकरणपरंपरेनेही येथे मार्ग दाखविला आहे. पाणिनीय परंपरेत कारक व विभक्ती वेगळी मानली जातात: 'रामाने' ही विभक्तीने तृतीया, पण कारकाने कर्ता. रूप व कार्य यांतील भेद आपल्याला पश्चिमेकडून उसना घ्यावा लागत नाही.

काही प्रश्न तर असे असतात की ग्रीक तक्ता त्यांना उत्तरच देत नाही. मार्क ४:३८ मध्ये वादळात सापडलेले शिष्य आपल्या नाशाविषयी प्रभूला विचारतात. ग्रीक क्रियापद प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे, एवढेच व्याकरण सांगते. मराठी भाषांतरकाराला मात्र 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावेच लागते. 'आपण' म्हटले तर प्रभूही बुडणाऱ्यांत मोजला गेला. 'आम्ही' म्हटले तर शिष्यांनी त्याला वेगळा धरला. त्यांच्या श्रद्धेचे चित्र या एका सर्वनामाने पालटते. लूक ७:५ मध्ये यहूदी वडील येशूशी राष्ट्राविषयी बोलतात, तेथे 'आपल्या' हेच योग्य, कारण ऐकणाराही त्याच राष्ट्राचा आहे. हा भेद गुजरातीत 'अमे' व 'आपणे', तेलुगूत 'मेमु' व 'मनमु' असा आहे. हिंदीत 'हम' एकच. म्हणून बडोदे व हैदराबाद येथील विद्यार्थ्याला जो प्रश्न त्याच्या दोन्ही भाषा विचारतात, तो इंदूरच्या विद्यार्थ्याला एकट्या मराठीने विचारला पाहिजे.

परक्या साच्याचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. लॅटिन व्याकरणाचा साचा त्यांनी हाताशी घेतला, आणि त्याच साच्यामुळे एका भारतीय भाषेचे व्याकरण प्रथमच मुद्रित झाले. साचा त्याज्य नसतो. तो साचा आहे याचे भान सुटू नये, इतकेच.

तात्पर्य, तक्ते पाठ करविणे सोडू नये. ज्याला रूप ओळखता येत नाही त्याला त्याचे कार्य तपासता येणार नाही. मात्र प्रत्येक नव्या रूपाशेजारी विद्यार्थ्याच्या भाषेतील जोडी ठेवावी आणि ती कोठे जुळत नाही हेही दाखवावे. मग उपदेशकाने रूपावर मुद्दा उभारण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: लेखकाला येथे दुसरे कोणते रूप वापरता आले असते? त्याचे उत्तर मिळाले, तर मुद्दा मांडावा. न मिळाले, तर त्या वचनातील शब्दांनाच बोलू द्यावे.