झेड ड्राइव्ह कोणाला दिसतो, कोणाला नाही?

सबमिशनच्या आठवड्यात कुठल्याही कॉम्प्युटर लॅबमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "ए, तुझ्याकडे झेड ड्राइव्ह दिसतोय का रे? माझ्याकडे नाहीये!" मग आपण शेजारच्या पीसीवर जाऊन बसतो, तिथे तो दिसतो, आणि पहिला पीसी खराब आहे असा शोध लावून मोकळे होतो. पीसी बिचारा ठणठणीत असतो. त्याला नियम वेगळा लागू झालेला असतो, एवढंच. हा नियम येतो कुठून आणि ठराविक मशीन्सवरच ड्राइव्ह दाखवायचा तर काय करावं लागतं, ते आज बघू. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या.)

आधी थोडं बेसिक. सी ड्राइव्ह आपल्या समोरच्या डब्यात असतो. झेड मात्र लांब कुठेतरी सर्व्हरवर ठेवलेला एक शेअर्ड फोल्डर असतो. त्याचा खरा पत्ता म्हणजे दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचं नाव, परत एक रेघ आणि फोल्डरचं नाव. एवढं कोण लक्षात ठेवणार? म्हणून त्या पत्त्याला एक अक्षर चिकटवतात. यालाच म्हणायचं ड्राइव्ह मॅप करणं.

एका पीसीवर हे काम मिनिटाचं आहे. पण साठ पीसी असतील तर? लॅबमधल्या मामांनी प्रत्येक खुर्चीवर बसून तेच करायचं, आणि सर्व्हरचं नाव बदललं की परत पहिल्यापासून! यावरचा उपाय म्हणजे ग्रुप पॉलिसी. विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि तिच्यासोबत ही सोय आली. सगळे कॉम्प्युटर एका डोमेनमध्ये घ्यायचे, नियम एकाच ठिकाणी लिहायचा, आणि प्रत्येक मशीनने तो आपणहून येऊन वाचायचा. सुरुवातीला ड्राइव्हसाठी लॉगऑन स्क्रिप्ट लिहावी लागायची. विंडोज सर्व्हर २००८ पासून ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस आल्या आणि त्यात 'ड्राइव्ह मॅप्स' नावाचा तयार फॉर्मच मिळाला. पत्ता भरा, अक्षर निवडा, ओके म्हणा.

आता खरी गोम. हा फॉर्म 'यूजर कॉन्फिगरेशन'मध्येच सापडतो, 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन'मध्ये नाही. म्हणजे ड्राइव्ह माणसाच्या मागे फिरतो. जिथे लॉगिन कराल तिथे तो हजर. ऐकायला छान वाटतं. पण समजा, एखाद्या सरांच्या लॉगिनला प्रश्नपत्रिकांचा ड्राइव्ह जोडलेला आहे, आणि प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी सर लॅबमधल्या प्रोजेक्टरच्या पीसीवर लॉगिन झाले. माय कॉम्प्युटर उघडलं की पूर्ण वर्गासमोर तो ड्राइव्ह! इथे आपल्याला माणसापेक्षा जागेचा नियम हवा आहे.

हॉस्टेलवाल्यांना हा फरक समजावून सांगायला नको. 'फर्स्ट इयरने नऊच्या आत परत यायचं' हा माणसाचा नियम, तो गावात कुठेही गेलात तरी तुमच्यासोबत येतो. 'रीडिंग रूममध्ये मोबाईल बंद' हा जागेचा नियम, तिथे फर्स्ट इयर असो की रेक्टर, सगळे सारखे. ड्राइव्हला जागेचा नियम लावायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आयटम लेव्हल टार्गेटिंग. ड्राइव्ह मॅपच्या त्याच फॉर्ममध्ये 'कॉमन' नावाच्या टॅबवर हा पर्याय असतो. लॅबमधल्या मशीन्सचा एक सिक्युरिटी ग्रुप करायचा आणि अट घालायची : कॉम्प्युटर या ग्रुपमध्ये असेल तरच ड्राइव्ह दाखव. अट टाकताना 'यूजर इन ग्रुप' की 'कॉम्प्युटर इन ग्रुप' हे नीट बघून निवडायचं, निम्मे घोळ तिथेच होतात. अटीच्या आधी 'नॉट' लावता येतं, म्हणजे सरांचा ड्राइव्ह 'लॅबची मशीन्स सोडून' सगळीकडे दिसेल. आणि मशीन ग्रुपमध्ये नवीन टाकलं असेल तर ते एकदा रीस्टार्ट करा. त्याशिवाय त्याला स्वतःलाच कळत नाही की आपण ग्रुपमध्ये आलोय.

दुसरा मार्ग लूपबॅक. लॅबची सगळी मशीन्स एका ऑर्गनायझेशनल युनिटमध्ये ठेवायची, त्याला पॉलिसी जोडायची आणि तिच्यात लूपबॅक प्रोसेसिंग सुरू करायचं. मग त्या मशीनवर कोणीही बसलं तरी त्या युनिटमधले यूजरचे नियम लागू होतात. यात दोन प्रकार. 'मर्ज'मध्ये माणसाचे नियम आधी आणि जागेचे नंतर लागतात, भांडण झालं तर जागा जिंकते. 'रिप्लेस'मध्ये माणसाचे नियम दाराबाहेर, फक्त जागेचे चालतात. परीक्षेच्या लॅबला रिप्लेस शोभतं, पण जपून. ड्राइव्हच काय, त्या माणसाच्या बाकीच्या यूजर पॉलिसीही तिथे लागत नाहीत. एकदोन ड्राइव्हचाच प्रश्न असेल तर टार्गेटिंग पुरे. पूर्ण लॅबचं वागणंच वेगळं ठेवायचं असेल तर लूपबॅक.

हे सगळं करूनही ड्राइव्ह येत नसेल तर? पॉलिसी साधारण ९० मिनिटांनी परत वाचली जाते, त्यात वर ३० मिनिटांपर्यंत मागेपुढे होतं. थांबायचं नसेल तर कमांड प्रॉम्प्टवर जीपीअपडेट चालवा आणि लॉगऑफ करून परत लॉगिन करा. जीपीरिझल्ट ही कमांड कोणती पॉलिसी लागली आणि कोणती गाळली गेली, याची यादीच देते. अजून एक फसवी जागा आहे. जून २०१६ च्या एका सिक्युरिटी अपडेटपासून यूजरची पॉलिसीसुद्धा कॉम्प्युटरच्या ओळखीने वाचली जाते. त्यामुळे फिल्टरमधून 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' काढून टाकलं आणि कॉम्प्युटर्सना वाचायची परवानगी दिली नाही, तर पॉलिसी गुपचूप लागतच नाही.

आणि फॉर्ममध्ये पासवर्ड भरायचा मोह? तो रस्ता बंद झालाय. पूर्वी तो पासवर्ड पॉलिसीच्या फाइलमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवला जायचा, पण त्याची किल्ली मायक्रोसॉफ्टने स्वतःच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये छापलेली होती! म्हणजे डोमेनमधला कोणीही तो उघडू शकत होता. मे २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेट देऊन ही सोय काढून टाकली. पण त्याआधी भरलेले पासवर्ड त्या अपडेटने आपोआप पुसले गेले नाहीत. जुन्या पॉलिसी असतील तिथे ते शोधून काढावेच लागतात.

यावरून मुख्य मुद्द्यावर येते. ड्राइव्ह मॅप करणं म्हणजे खोलीवर पाटी लावणं. कुलूप वेगळं असतं. ते सर्व्हरवरच्या शेअर परमिशन आणि एनटीएफएस परमिशन या दोन्हींनी मिळून बनतं, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी कडक ती लागते. पाटी काढली तरी ज्याला परवानगी आहे आणि पत्ता पाठ आहे, तो अ‍ॅड्रेस बारमध्ये पत्ता टाइप करून आत जाणारच. परीक्षेच्या दिवशी जर्नलचा झेड नुसता लपवला, तर पत्ता माहीत असलेल्या चार जणांना तो उघडा आणि बाकी साठ जणांना बंद. हा तर उघड अन्याय झाला! त्या तीन तासांपुरती परवानगीच काढून घ्यायला हवी.

आता रूमवरच्या लॅपटॉपचं. तो डोमेनमध्ये नाही, म्हणून त्याला यातलं काहीच लागू नाही. विंडोजची होम एडिशन असेल तर ती डोमेनमध्ये जाऊही शकत नाही. तुम्हाला परवानगी असेल आणि हॉस्टेलच्या नेटवर्कवरून सर्व्हरपर्यंत पोचता येत असेल, तर झेड स्वतः हाताने मॅप करा.

थोडक्यात काय, पुढच्या वेळी झेड दिसला नाही तर पीसीला शिव्या देऊ नका. मामांना पीसीचा नंबर, आपलं लॉगिन आणि जीपीरिझल्टची यादी द्या. तिघांत मिळून नियम कुठे अडकलाय ते सापडतं.