शिकायला गेलेल्या लेकरांच्या मनावरचे ओझे

जून महिना आला की गावोगाव दोन कामांची एकदम घाई उडते. एकीकडे बी-बियाणे आणि खतांची जुळवाजुळव, दुसरीकडे दहावी झालेल्या मुलामुलींच्या प्रवेशाची धावपळ. पैसा मात्र एकाच खिशातून जायचा असतो. कुणी पीककर्जाची रक्कम क्लासच्या फीला लावतो, कुणी दुभती म्हैस विकतो, कुणी घरातले सोने गहाण ठेवतो. मग गादी, बादली आणि पत्र्याची पेटी घेऊन मुलाला लातूरला, नांदेडला, पुण्याला, क्वचित थेट राजस्थानातल्या कोट्याला नेऊन सोडले जाते. परतीच्या एस.टी.त बाप शेजारच्याला कौतुकाने सांगतो, "पोरगं डॉक्टर होणार बघा."

यात वावगे काही नाही. शिक्षणावाचून गत्यंतर नाही, हे शेतकऱ्याला आता कुणी सांगायला नको. परंतु शेतकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो, त्या पेटीबरोबर आणखी एक गोष्ट मुलाच्या डोक्यावर चढते. ती विकलेली म्हैस आणि ते गहाण सोने त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. पुस्तक उघडले की आधी तेच त्याच्या डोळ्यांसमोर येते. त्या ओझ्याविषयी आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचे आहे.

आधी थोडा हिशेब मांडू. डॉक्टरकीच्या प्रवेशाला 'नीट' नावाची परीक्षा असते. २०२४ साली ती देशभरात २३ लाखांहून अधिक मुलामुलींनी दिली. एम.बी.बी.एस.च्या जागा त्या वेळी सुमारे १ लाख १० हजार, आणि कमी फीच्या सरकारी जागा त्यातल्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे साधारण एकवीस मुलांमागे एक जागा. बाकीच्या विसांनी अभ्यास केला नाही असे आहे काय? पुष्कळांनी रात्रीचा दिवस केला. जागाच तेवढ्या होत्या. क्लासच्या जाहिरातीत हारतुरे घातलेले फोटो त्या एकाचे असतात. विसांचे फोटो कुणी छापत नाही, म्हणून आपल्याला वाटते की सगळ्यांना मिळाले, फक्त आमच्याच पोराला जमले नाही.

गावच्या मुलाची अडचण शहरातल्या मुलापेक्षा आणखी वेगळी आहे. दहावीपर्यंत तो मराठीतून शिकला. शाळेत पहिला आला, गावाने फलक लावला. अकरावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र एकदम इंग्रजीतून सुरू झाले. वर्गात शंभर-दीडशे मुले, आणि त्यातले बरेचसे आपापल्या शाळेत पहिले आलेले. आठवड्याच्या चाचणीत आपला पहिला नंबर एकदम ऐंशीवर जातो. तो नंबर क्लासवाले बापाच्या मोबाईलवर कळवतात. बाप शेतातून फोन करतो, "काय रे, नंबर का घसरला?" त्या दिवसापासून पुष्कळ मुले घरच्या फोनला भिऊ लागतात. "बरं आहे, जेवलो, अभ्यास चालू आहे," एवढ्या तीन वाक्यांत बोलणे संपते, आणि आपण समजतो की पोरगे अभ्यासात गर्क आहे.

मुलींचे ओझे याहून जड असते. मुलाला निदान दुसऱ्या वर्षी पुन्हा बसता येते. मुलीला घरातून सांगितलेले असते की एकदाच संधी, नाही जमले तर स्थळे बघायला लागू. तिच्यासाठी ती परीक्षा म्हणजे डॉक्टर होण्याची आणि लग्न टाळण्याची अशी दुहेरी परीक्षा होऊन बसते. अशा धाकात तीन तासांचा पेपर कसा सुटेल, याचा विचार तिला तो धाक घालणाऱ्यांनी करावा.

हा विषय किती गंभीर आहे तेही सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांत सर्वाधिक आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता, १,७६४. सगळ्यांचे कारण परीक्षाच होते असे नाही. घरातली भांडणे, प्रेमप्रकरण, आजार, एकटेपणा अशी अनेक कारणे एकात एक गुंतलेली असतात. पण ही मुले कुणाच्या तरी घरची होती, आणि त्यांतल्या पुष्कळांना वेळीच मदत मिळाली असती तर ती आज असती.

मग करायचे काय? माझ्या मते सर्वांत मोठे काम घरच्यांच्याच हातात आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. मुलाला घराबाहेर पाठवण्यापूर्वी एकदा शेजारी बसवा आणि कर्जाचा विषय स्वच्छ बोला. लपवू नका. लपवलेले कर्ज मुलांना बरोबर कळते आणि मग ते आहे त्याच्या दुप्पट वाटते. आकडा सांगा आणि लगेच पुढचे वाक्यही सांगा: "कर्ज मी काढलंय, ते मी फेडीन. तुझ्या नंबराशी त्याचा संबंध नाही. तू मनापासून अभ्यास कर, आणि नाहीच जमलं तर सांग, घर आपलंच आहे." हे वाक्य एकदा तोंडाने म्हटलेच पाहिजे. 'त्याला कळतंच की' असे म्हणून भागत नाही. त्याला कळत नाही. त्याला वाटते की आता परतीची वाट बंद झाली. कर्जाचा विषय मात्र असा एकदाच बोलावा. फोनवर दर वेळी "तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं" हे पालुपद लावू नये.

फी बुडेल या भीतीनेही मुले तोंड उघडत नाहीत. तेव्हा हे माहीत असू द्या. केंद्राच्या शिक्षण खात्याने जानेवारी २०२४ मध्ये क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलाला क्लासने घेऊ नये, आणि पूर्ण फी भरलेला मुलगा मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी, क्लासच्या वसतिगृहात राहत असल्यास तिथली रक्कमही, दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षणसंस्था आणि क्लास यांना बजावले की मार्कांवरून मुलांच्या वेगवेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये, आणि शंभर किंवा त्याहून अधिक मुले असतील तिथे समुपदेशक नेमावा. कागदावरचे नियम आपोआप अमलात येत नाहीत, हा आपला नेहमीचा अनुभव. म्हणून प्रवेश घेतानाच विचारा, इथे समुपदेशक कोण आहे, त्याला मुलगा कधी भेटू शकतो? फी शक्यतो हप्त्याने भरा आणि पावत्या जपून ठेवा.

अभ्यासाच्या तासांविषयी एक गोष्ट शेतकऱ्याला चटकन पटेल. जमीन वाफशावर असेल तेव्हाच पेरणी साधते आणि मुळ्यांना हवा मिळते. पाणी जास्त दिले म्हणून पीक जास्त येत नाही, मुळ्या कुजतात आणि रान चिबडते. डोक्याचेही तसेच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आठ तास झोप लागते, आणि दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेतच. रात्री दोनपर्यंत जागून पहाटे पाचला उठणारा मुलगा कष्टाळू दिसतो खरा, पण त्याचे पाठांतर वाहून जात असते. त्याला रोज थोडे चालायला, खेळायला सांगा. पंधरा दिवसांनी भेटायला जा. जाताना भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी न्या आणि त्या भेटीत मार्कांचा विषय काढू नका. गावात कुणाची विहीर लागली, गाय व्याली का, असे बोला.

आता लक्षणे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली किंवा मुलगा दिवसभर नुसता झोपून राहू लागला, जेवण तुटले, डोके-पोट सारखे दुखते पण तपासात काही निघत नाही, आवडता खेळ किंवा मित्र सुटले, चिडचिड वाढली, तर हे मनाचे दुखणे असू शकते. "मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता," असे तो थट्टेतही म्हणाला तर ती थट्टा समजू नका. आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, निरोपासारखे बोलू लागला, तर त्याच दिवशी त्याच्यापाशी जा.

आणि सरळ विचारा: "जीव नकोसा वाटतो का रे? तसं काही मनात येतं का?" असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. जाणकार डॉक्टर सांगतात की विचारल्याने उलट मनावरचा दाब उतरतो. तो बोलू लागला की मध्ये तोडू नका. "एवढ्यात खचलास? आम्ही काय काय भोगलं!" हे तर मुळीच नको. ऐकून घ्या, त्याला एकटे ठेवू नका, आणि डॉक्टर गाठा.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. फवारणीच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो, आणि ते पडवीत, बाजेखाली, कुठेही ठेवतो. निराशेची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी विष नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक जण पुढे चांगले आयुष्य जगतात. म्हणून ते कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडे असू द्या, लागेल तेवढेच आणा. निकालाच्या दिवसांत तर हे विसरूच नका. दुर्दैवाने कुणी काही घेतलेच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ची गाडी बोलवा आणि दवाखाना गाठा. पोलिसांच्या भीतीने थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे आणि त्याला शिक्षा करायची नाही, असे ठरवले आहे.

डॉक्टर म्हटले की येरवडा किंवा ठाण्याचे नाव काढून लोक हसतात. तिथवर जाण्याची वेळ फार थोड्यांवर येते. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर भेटतात. कधी नुसत्या बोलण्याने भागते, कधी गोळ्या लागतात. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, म्हणून आठ दिवसांत फरक नाही असे म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने एकदम बंदही करू नयेत. देवाला नवस बोलायचा तर बोला, पण डॉक्टरची तारीख चुकवू नका.

घरबसल्या विचारायचे असेल तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीतून बोलता येते. आजारी माणसानेच फोन केला पाहिजे असे नाही. मुलगा दूर आहे, नीट बोलत नाही, आणि काय करावे ते सुचत नाही, असे सांगून आई किंवा बापानेही तो फोन करावा.