रांग कुठे अडली?

नोव्हेंबर २०२२. इलॉन मस्क यांनी ट्विटर नुकतंच ताब्यात घेतलं होतं आणि माणसं लोंढ्याने मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाकडे वळत होती. क्रिस नोव्हा या अमेरिकी अभियंत्रीने सुरू केलेला ‘हॅकीडर्म’ हा मॅस्टोडॉन सर्व्हर तेव्हा तिच्या घराच्या तळघरात चालत होता. काही शे सदस्यांचा हा संसार महिन्याभरात ३० हजारांवर गेला आणि सगळंच रखडू लागलं. पानं उघडायला वेळ लागे, बाहेरच्या पोस्ट उशिरा येत, कामांची रांग वाढतच जाई.

रांग दिसत होती पडद्यामागची कामं उरकणाऱ्या ‘साइडकिक’ या प्रोग्रॅममध्ये, मूळ दुखणं निघालं डिस्कमध्ये. डेटाबेस आणि सगळ्यांचे फोटो ज्या यंत्रावर होते, त्याच्याच डिस्क मंदावल्या होत्या. बाकीची यंत्रंही त्याच साठ्यावर अवलंबून, त्यामुळे तीही ताटकळली. अखेर फोटो वेगळ्या साठवणुकीत हलवले आणि सर्व्हरचा मुक्काम तळघरातून जर्मनीतल्या डेटा सेंटरमध्ये गेला. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाने ही हकिकत लक्षात ठेवावी, कारण इथे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ फार सहज होतं.

मॅस्टोडॉनला एक मालक नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या २०१८ साली प्रमाणित झालेल्या सामायिक भाषेत एकमेकांशी बोलतात. समजा, तुमचे अनुयायी ५०० सर्व्हरवर विखुरले आहेत. मग तुमची एक पोस्ट म्हणजे ५०० ठिकाणची टपालफेरी. ही फेरी साइडकिक करतो. त्याच्याकडे वेगवेगळ्या रांगा असतात: घरच्या कामांची ‘डिफॉल्ट’, बाहेर धाडायची ‘पुश’, बाहेरून आलेली ‘इन्ग्रेस’, सवडीने आणायची ‘पुल’.

म्हणून सर्व्हर रखडला की पहिलं काम, साइडकिकचा डॅशबोर्ड उघडा. रांगेत किती कामं आहेत यापेक्षा ‘लेटन्सी’ बघा, म्हणजे सर्वांत जुनं काम किती वेळ ताटकळलं आहे ते. दहा हजार कामं मिनिटभरात सरत असतील तर काळजी नाही. पन्नासच कामं तासभर पडून असतील तर आहे. ‘इन्ग्रेस’ तुंबली तर इतरांच्या पोस्ट तुमच्याकडे उशिरा येतात, ‘पुश’ तुंबली तर तुमच्या पोस्ट इतरांकडे.

मग सर्व्हरवर ‘टॉप’ ही आज्ञा चालवा. प्रोसेसर जवळजवळ रिकामा आणि ‘डब्ल्यूए’चा आकडा चढलेला दिसला, तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहत बसला आहे. अशा वेळी थ्रेड, म्हणजे साइडकिकचे काम करणारे हात, वाढवून उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उलट जास्त पोहरे एकमेकांवर आदळतात. डिस्क आणि डेटाबेस मोकळे असतील, तरच हात वाढवावेत. तेही एकाच प्रोसेसमध्ये थ्रेड कोंबण्याऐवजी तुंबलेल्या रांगेसाठी वेगळी प्रोसेस द्यावी, कारण साइडकिक ज्या रूबी भाषेत लिहिला आहे, तिची एक प्रोसेस एका वेळी साधारण एकच कोअर वापरते. ठरावीक वेळी करायच्या कामांची ‘शेड्युलर’ ही रांग मात्र एकाच प्रोसेसकडे ठेवायची.

दर थ्रेडला डेटाबेसची जोडणी लागते, म्हणून ‘डीबी पूल’चा आकडा थ्रेडच्या संख्येपेक्षा कमी नको. पोस्टग्रेस हा मॅस्टोडॉनचा डेटाबेस मुळात १०० जोडण्याच देतो. त्यापुढे जोडण्या वाटून देणारा ‘पीजीबाउन्सर’ मदतीला घ्यावा. सर्व्हरचं घड्याळही तपासावं. प्रत्येक निरोपावर वेळेसह सही असते. घड्याळ फार चुकलं तर समोरचा सर्व्हर तो निरोप नाकारतो.

काही वेळा दुखणंच नसतं. नव्या खात्याला अनुसरलं की त्याच्या जुन्या सगळ्या पोस्ट आपल्याकडे येत नाहीत. रचनाच तशी आहे. एखादा सर्व्हर कायमचा बंद पडला असेल, तर त्याच्याकडच्या फेऱ्या ‘रिट्राय’मध्ये, म्हणजे पुन्हा प्रयत्न करायच्या यादीत, वाढत्या अंतराने काही काळ होत राहतात. ते पाहून घाबरू नये, आणि रांग पुसून तर मुळीच टाकू नये. त्या रांगेत कुणाची तरी पत्रं आहेत.

२०१९च्या नोव्हेंबरात, वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्यावर, आपल्याकडचीही अनेक माणसं मॅस्टोडॉनवर गेली होती. असे लोंढे पुन्हा येतील. तेव्हा ते पेलायचे आहेत कुणाच्या तरी घरातल्या छोट्या सर्व्हरला आणि रात्री जागून त्याची रांग वाचणाऱ्या माणसाला. त्याने आधी रांग कुठे अडली ते शोधावं, मग हात लावावा.