लाकडी पंखाला बाक का येतो?

पावसाळा लागला की लाकडी दार चौकटीत अडकू लागते, आणि मे महिन्यात त्याच दाराला फट पडते, हे तुम्ही पाहिले असेल. सोलापुरात हा फरक चांगलाच जाणवतो. तेथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, दुपारची हवा अतिशय कोरडी असते. पुढे पावसाळ्यात तीच हवा दमट होते. दाराचे हे वागणे आपण चालवून घेतो. पण असे लाकूड विमानाच्या पंखात असले तर?

आज बहुतेक विमाने धातूची असतात. तरीही परदेशांत अनेक हौशी मंडळी घरच्या शेडमध्ये लाकडी विमाने बांधतात. आपल्याकडेही १९६१ साली ‘रोहिणी’ हे लाकडी ग्लायडर उडाले होते.

लाकूड कोरडे दिसले तरी त्याच्या तंतूंत पाणी असतेच. हवेची सापेक्ष आर्द्रता २५ टक्के असेल तर लाकडात वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी राहते. आर्द्रता ८० टक्के झाली की ते सुमारे १६ टक्क्यांवर जाते. पाणी वाढले की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. २० सेंटिमीटर रुंदीची फळी एवढ्या फरकाने चार-पाच मिलिमीटर रुंद होऊ शकते.

यावरचा उपाय म्हणजे प्लायवुड. सोलापुरी चादरीत ताण्याचे उभे आणि बाण्याचे आडवे धागे एकमेकांना धरून ठेवतात. प्लायवुडमध्येही लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक काटकोनात चिकटवतात. एक पापुद्रा ज्या दिशेने फुगू पाहतो, त्या दिशेने शेजारचा त्याला आवरतो. पापुद्रे तीन, पाच असे विषम संख्येत घेतात. त्यामुळे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंचे ओढणे सारखे राहते.

मग प्लायवुडला बाक का येतो? दोन बाजूंना पाणी सारखे मिळाले नाही म्हणून! एका बाजूला व्हार्निश लावले आणि दुसरी उघडी ठेवली, तर दमट हवेत उघडी बाजू फुगते आणि पत्रा त्या बाजूने फुगीर होतो.

पंखात आणखी एक अडचण असते. दीड-दोन मिलिमीटर जाडीचे प्लायवुड फासळ्यांवर चिकटवलेले असते. मे महिन्यातल्या सुक्या प्लायवुडने पंख मढवला, तर पावसाळ्यात ते फुगते. पण कडा चिकटलेल्या असल्याने फासळ्यांच्या मधे पापडासारखे वर येते. पावसाळ्यात मढवले, तर उन्हाळ्यात ते आकसून फासळ्यांना ओढते. अशा ओढीने एक पंख पिळला गेला, की दोन पंखांवरची उचल सारखी राहत नाही आणि विमान एका बाजूला कलू लागते.

सांधे कमजोर असतील तर परिणाम याहून भयंकर होतो. दुसऱ्या महायुद्धातील ‘मॉस्किटो’ हे ब्रिटिश विमान मुख्यतः लाकडाचे होते. १९४४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भारतात अशी काही विमाने हवेतच मोडून कोसळली, वैमानिक प्राणांस मुकले, आणि या विमानांची उड्डाणे काही काळ थांबवावी लागली. दोष दमट हवेचा किती आणि कारखान्यातील सदोष जोडणीचा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. पुढे पंखाच्या सांध्यावर प्लायवुडची जादा पट्टी बसवून पाण्याची वाट बंद करण्यात आली.

कुशल कारागीर काय काळजी घेतो? प्लायवुड आणि फासळ्यांचे लाकूड तो एकाच खोलीत काही दिवस सपाट ठेवतो, म्हणजे दोन्हींतील पाणी हवेशी जुळते. पंख भक्कम साच्यात जखडून मगच मढवतो आणि सरस पूर्ण वाळेपर्यंत सोडवत नाही. कारण दुसरी बाजू चिकटली की आतला पीळ कायमचा कोंडला जातो. पंख बंद करण्यापूर्वी तो आतूनही व्हार्निश लावतो. फक्त सरसाच्या जागा कोऱ्या ठेवतो. कापलेल्या कडा तर दोन-तीनदा रंगवतो, कारण उघड्या पडलेल्या तंतूंच्या टोकांतून पाणी झपाट्याने शिरते. शेवटी पंखाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रे ठेवतो. त्यांतून आत साचलेले पाणी निघून जाते आणि हवा खेळती राहते.

हे तुम्ही घरी पडताळून पाहू शकता. चित्रकलेचा कागद ज्या दिशेने सरळ फाटतो, ती त्याच्या तंतूंची दिशा. कागदाचे सारखे चौकोन कापा. दोन चौकोन तंतू काटकोनात ठेवून खळीने चिकटवा. दुसऱ्या संचात तीन चौकोन घ्या आणि फक्त मधला आडवा ठेवा. दोन्ही संच रात्रभर वह्यांखाली दाबून ठेवा, सकाळी उन्हात मांडा. कोणता संच जास्त वाकला? आता तीन थरांच्या संचाला एकाच बाजूने मेणबत्तीचे मेण घासा आणि मोरीतल्या दमट हवेत ठेवा. काय होते?

लाकडाचे पाणी पिणे आपल्याला पूर्ण थांबवता येत नाही. ते सावकाश आणि दोन्ही बाजूंनी सारखे प्यायले, तर पंख सरळ राहतो. तुमची निरीक्षणे वहीत नोंदवा आणि वर्गात शिक्षकांबरोबर चर्चा करा.