पाय मोडला म्हणून

कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार फ्लोरेन्स प्राइस यांच्या रचना हल्ली पियानोच्या मैफलींत हमखास असतात. कार्यक्रमपत्रिकेत जन्म १८८७, गाव लिट्ल रॉक, १९३२ चा वॅनमेकर पुरस्कार, असं सगळं व्यवस्थित छापलेलं असतं. पाय मोडल्याचं मात्र कुणी छापत नाही.

१९३१ चा जानेवारी, शिकागो. संसार मोडलेला, पदरात दोन मुली. मूकपटांना ऑर्गनची साथ, शिकवण्या, टोपणनावाने लिहिलेली बाजारू गाणी, यावर घर चालायचं. सिंफनी लिहायला सवड कुठली? तेवढ्यात बाईंचा पाय मोडला. सक्तीने घरी बसणं आलं आणि ई मायनरमधली पहिली सिंफनी कागदावर उतरू लागली. असं पाय मोडायचं भाग्य पुन्हा कधी लाभणार, असं त्यांनी पुढे एका पत्रात लिहिलंय!

खरी गंमत बॉन्ड्सबाईंच्या स्वयंपाकघरात. एस्टेला बॉन्ड्स यांच्या घरी फ्लोरेन्स काही काळ राहिल्या. स्पर्धेची मुदत जवळ आली की हिवाळ्याच्या रात्री तिथल्या मोठ्या टेबलावर स्वरलेखनाचे कागद पसरायचे. सिंफनी लिहून भागत नाही. व्हायोलिनवाल्याला त्याचा कागद, बासरीवाल्याला त्याचा, सगळं हाताने उतरवायचं. झेरॉक्स नव्हतं. एस्टेलांची लेक मार्गारेट, फ्लोरेन्सची शिष्या, लिहायला बसायची. घाई झाली की गावातला स्वर लिहिता येणारा जो कृष्णवर्णीय वादक हाती लागेल, तोही. १९३२ च्या त्या वॅनमेकर स्पर्धेत सिंफनीला पहिलं बक्षीस मिळालं, ५०० डॉलर. गीतांच्या विभागात मार्गारेट जिंकली.

१५ जून १९३३ ला शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ती सिंफनी वाजवली. श्रेय फ्रेडरिक स्टॉक या संचालकाला मिळतं, आणि ते द्यावंच. पण कार्यक्रमासाठी २५० डॉलर भरले होते मॉड रॉबर्ट्स जॉर्ज या कृष्णवर्णीय समीक्षक बाईंनी. माझ्या मते पत्रिकेत त्यांचं नाव स्टॉकच्या वर हवं.

पुढे फ्लोरेन्सचं निधन झालं आणि कागदांचे हाल सुरू झाले. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावातल्या त्यांच्या पडीक घरात हस्तलिखितांचे गठ्ठे मिळाले आणि ते आर्कन्सॉ विद्यापीठात गेले. 'फँटसी नेग्र' या पियानोरचनांपैकी तिसरीची सुरुवातीची दोनच पानं हाती होती, म्हणून ती अर्धवट समजली जायची. पियानोवादक आणि संशोधक समांथा एगे यांनी आर्कन्सॉ विद्यापीठातले बाकीचे कागद चाळले, तर पुढचा भाग तिथेच निघाला. २०२१ मध्ये त्यांनी ती पूर्ण ध्वनिमुद्रित केली.

शिकागोच्याच संगीतकार नोरा होल्ट यांचं नशीब तेवढं बलवत्तर नव्हतं. बाई परदेशी असताना गोदामात ठेवलेल्या सुमारे दोनशे रचना चोरीला गेल्या. त्यांच्या नावावर पियानोवर वाजतो तो छोटासा 'नीग्रो डान्स', तोही त्यांनी १९२१ मध्ये स्वतःच्याच मासिकात छापला होता म्हणून.