नृत्यमंडळीचें दप्तर

नाटक संपलें तरी त्याचें पुस्तक उरतें. मैफल संपली तरी चीज उरते. ध्वनिमुद्रण झालें असेल तर गळाही उरतो. नृत्याचें तसें नाहीं. पडदा पडला कीं तें नर्तकाच्या देहांत परत जातें, आणि तो देह थकला कीं त्याच्याबरोबर तेंही थकतें. म्हणून, श्रोतेहो, दप्तराची गरज साऱ्या कलांमध्यें नृत्यास अधिक आहे. आणि दप्तर राखण्याची संवय मात्र आपल्याकडे त्याच कलेंत फार थोडी आहे.

'दप्तर' म्हटलें कीं आपणां मराठी माणसांस पुण्याचें पेशवे दप्तर आठवतें. नृत्यमंडळीच्या दप्तरांत काय असतें? नृत्यरचनाकाराच्या वह्या, रंगमंचावर कोणी कोठें उभें राहावयाचें त्याचे आराखडे, तालमींच्या नोंदी, संगीताची स्वरलिपि, पोषाखांचीं आणि दिव्यांच्या मांडणीचीं टांचणें, दौऱ्यांचे करार, कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रें आणि चित्रफिती. यांत शिंप्याचें बिलही आलें. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून जुनीं रुमालें सोडवीत, तेव्हां हिशेबाचा चिटोराही टाकून देत नसत. शिंप्याच्या बिलावरून नर्तक किती होते, कापड कोणतें होतें आणि मंडळीची सांपत्तिक स्थिति कशी होती, हें सारें कळूं शकतें.

तरीही कागदाची एक मर्यादा आहे. ज्यानें शाळेंत मुलांस लेझीम शिकविली आहे त्याला ती चांगली ठाऊक असते. 'चार आवाज' कसे काढावे हें पुस्तकांत लिहितां येतें. पण मनगटाचा झोंक शब्दांत उतरत नाहीं. पुढच्या ओळींतल्या मुलाकडे पाहूनच मागच्या ओळीला तो साधतो. युरोपांत रुडॉल्फ लाबान यांनीं १९२८ सालीं देहाच्या हालचाली लिहिण्याची एक लिपि प्रसिद्ध केली. ती उपयुक्त आहे. परंतु ती वाचणारे थोडे, आणि वाचल्यावरही ती पायांत उतरविण्यास जाणता शिक्षक लागतोच. नृत्य पुरतें टिकवावयाचें तर शब्द, स्वर, चित्र आणि देह या चारही ठिकाणीं तें जपावें लागतें. यांपैकीं एखादेंच उरलें म्हणजे काय होतें, याचीं उदाहरणें आपण पाहूं.

पहिलें उदाहरण तंजावरचें. दुसरे सरफोजी महाराज १७९८ पासून १८३२ पर्यंत तेथें गादीवर होते. त्यांच्या नांवावर असलेल्या मराठी नृत्यरचना तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या हस्तलिखितांत राहिल्या. यांना 'निरूपण' म्हणतात. एकाच कथेच्या सूत्रांत अनेक नृत्यप्रकार ओंवलेले असतात. ज्या भरतनाट्यास आपण सर्वस्वीं तामिळ आणि तेलुगु समजतों, त्याच्या घडणींत मराठीचाही वांटा होता, याची साक्ष या बाडांनीं दिली. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनीं त्यांचा अभ्यास केला. साहित्य, राग आणि ताल हातीं आले. पण पाऊल कसें टाकावयाचें आणि नजर कोठें वळवावयाची, हें पोथींत नव्हतें. तें त्यांना परंपरेच्या आधारानें नव्यानें रचावें लागलें. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनीं त्या रचना रंगमंचावर आणल्या. या विदुषी तंजावरच्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या. आणि किट्टप्पा हे त्याच दरबारांतील प्रसिद्ध नृत्याचार्य बंधूंच्या घराण्यांतले. येथें शब्द टिकले आणि पावलें गेलीं. तरीही शब्द होते म्हणूनच पुढचें सारें घडूं शकलें.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. उदयशंकर यांनीं आपल्या मंडळीसह युरोप-अमेरिका गाजविली आणि नंतर हिमालयांत अल्मोडा येथें कलाकेंद्र काढलें. तें १९४४ पर्यंत बंद पडलें. १९४८ सालीं त्यांचा 'कल्पना' हा बोलपट आला. हिमालयांत कलाकेंद्र उभारूं पाहणाऱ्या एका नर्तकाची ती कथा. संगीत विष्णुदास शिराली यांचें. ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेंतले. केंद्र मोडलें आणि मंडळी पांगली. पण उदयशंकरांचें नृत्य, त्यांच्याच देहानें केलेलें, या बोलपटांत राहिलें. पुढें या बोलपटाच्या फितीही झिजत चालल्या. पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें जपलेल्या प्रतींवरून इटलींतील बोलोन्या येथें त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि २०१२ सालीं कान येथील महोत्सवांत तो पुन्हां दाखविण्यांत आला. पुण्याच्या त्या थंड खोलींत ते डबे नसते, तर जीर्णोद्धार करावयास कांहीं उरलेंच नसतें.

तिसरी वाट देहाची. अल्मोड्यास शिकविणारे शांति बर्धन यांनीं १९५२ सालीं मुंबईस 'लिटल बॅले ट्रूप' ही मंडळी काढली. नर्तकांनीं कळसूत्री बाहुल्यांप्रमाणें हालावयाचें, अशी त्यांच्या 'रामायणा'ची रचना होती. दोनच वर्षांनीं, १९५४ मध्यें, ते वारले. पत्नी गुल बर्धन आणि सहकारी यांनीं मंडळी चालू ठेविली. ती पुढें ग्वाल्हेरीस आणि तेथून भोपाळास गेली. जुन्यानें नव्यास शिकवावें, या एका नेमावर तें 'रामायण' कित्येक दशकें जिवंत राहिलें. मात्र या वाटेनें साखळीचा एक दुवा निखळला कीं सारेंच तुटतें.

चारही गोष्टी आधींपासून ठरवून एकत्र जपल्या, असें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. मर्स कनिंगहॅम यांची मंडळी १९५३ सालीं निघाली. आपल्यामागें तिचें काय करावयाचें हें त्यांच्या हयातींतच ठरलें. २००९ सालीं ते निवर्तले. मंडळीनें दोन वर्षें निरोपाचा दौरा केला आणि २०११ च्या ३१ डिसेंबरला न्यूयॉर्क येथें शेवटचा प्रयोग करून ती विसर्जित झाली. परंतु अनेक नृत्यांचें एकेक संपुट तयार करण्यांत आलें. त्यांत रचनाकाराचीं टिपणें, प्रयोगांच्या चित्रफिती, संगीत, पोषाख, नेपथ्य आणि दिव्यांच्या मांडणीची माहिती एकत्र ठेविली. मंडळीचे कागद न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या नृत्यविभागांत गेले. आज दुसरी एखादी मंडळी रीतसर परवानगी घेऊन तें नृत्य बसवूं शकते. शिकविण्यास कनिंगहॅम यांचे जुने नर्तक जातात.

हें सारें पैशाचें काम आहे, असें कोणी म्हणेल. दिंद्रुडसारख्या गांवीं राहणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरास तसें वाटत नाहीं. आमच्याच बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईस, दासोपंतांची पासोडी आहे. सुमारें चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेलें 'पंचीकरण'. तीनचार शतकें तें कापड टिकलें, कारण प्रत्येक पिढींत कोणीतरी तें जपलें. उलट, जत्रेंत रात्र जागविणारा एखादा तमाशाचा फड मोडला कीं वगाची वही, हस्तपत्रकें आणि फोटो रद्दीच्या तराजूंत जातात. आणि त्या फडांतली नाचाची चाल नातवंडांस दाखवावयास मागें कोणी राहत नाहीं.

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं मुलीबाळी नृत्य शिकत असतील. कोणाची आत्या किंवा आजी एखाद्या मंडळींत नाचलीही असेल. छायाचित्राच्या मागें मऊ शिसपेन्सिलीनें नांवें, गांव आणि तारीख लिहावी. डावीकडून उजवीकडे कोण उभें आहे तेंही लिहावें. कागद ज्या क्रमानें ठेवलेले असतील तो क्रम मोडूं नये. पुष्कळदां क्रमच हकीकत सांगतो. दमट भिंतीपासून आणि वाळवीपासून पेटी दूर ठेवावी. हातांतल्या फोनवर घेतलेली चित्रफीत म्हणजे दप्तर झालें, असें समजूं नये. फोन बदलला कीं ती जाते. तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरीं असावी. आणि ज्या वृद्ध नर्तकीस अजून पावलें आठवतात, तिच्यापुढें एखादी मुलगी बसवावी व तिचें बोलणें नोंदवून घ्यावें. कागद पुढल्या वर्षीं लावले तरी चालतील; हें काम मात्र याच महिन्यांत करावें.