आजी हौसेची, आजी गरजेची
वृद्ध होत चाललेल्या युरोपातील नातेसंबंध आणि विषमता

‘पाश्चात्त्य देशांत कुटुंबव्यवस्था मोडकळीला आली आहे. मुले अठरा वर्षांची झाली की घराबाहेर पडतात आणि म्हातारे आईवडील एकाकी पडतात.’ विद्यार्थ्यांच्या निबंधात असे वाक्य हमखास आढळते. त्याखाली लाल रेघ ओढावी की बरोबरची खूण करावी? नुसत्या मतावर हा निर्णय करता येणार नाही. अशा विधानाची पारख करायची तर कुटुंबातील नात्यांचेही मोजमाप करावे लागेल. सुदैवाने युरोपात ते गेली वीस वर्षे चालू आहे. त्यातून जे हाती आले ते आपल्या समजुतींना धक्का देणारे आहे.

शेवग्याच्या शेंगेसारखे कुटुंब

आधी पार्श्वभूमी पाहू. २०२४ च्या आरंभी युरोपीय संघातील दर १०० माणसांपैकी सुमारे २२ जण ६५ किंवा त्याहून अधिक वयाचे होते. इटलीत हे प्रमाण २४ च्या आसपास आहे. इटलीतील सगळ्या माणसांना वयाच्या क्रमाने एका रांगेत उभे केले तर बरोबर मधोमध उभ्या असलेल्या व्यक्तीचे वय ४८ वर्षांहून अधिक भरेल. यालाच मध्यक वय म्हणतात. लोकसंख्या स्थिर राहायची तर दर स्त्रीमागे सरासरी २.१ अपत्ये लागतात. २०२३ मध्ये इटलीत ही सरासरी १.२ होती.

याचा कुटुंबाच्या आकारावर काय परिणाम होतो? पूर्वी एका आजीला दहा-बारा नातवंडे असत, पण ती मोठी होईपर्यंत आजी जिवंत असेलच अशी खात्री नसे. आता नातवंडे एक-दोन आणि आजी-आजोबा मात्र चारही हयात, अशी स्थिती सर्रास दिसते. एकेका पिढीत माणसे थोडी आणि एकाच वेळी जिवंत असलेल्या पिढ्या जास्त. वडासारखा पसरलेला वंशवृक्ष शेवग्याच्या शेंगेसारखा लांब आणि सडपातळ झाला आहे. आजी-नातवंडे एकमेकांच्या सहवासात आज जितकी वर्षे काढू शकतात तितकी मानवी इतिहासात पूर्वी कधीच मिळत नव्हती.

मोजमापातले कोडे

२००४ साली युरोपातील अनेक देशांत मिळून एक मोठी पाहणी सुरू झाली. ‘शेअर’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. ५० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींना साधारण दर दोन वर्षांनी तेच ते प्रश्न विचारले जातात : प्रकृती कशी आहे, मिळकत किती, मुले किती अंतरावर राहतात, कोण कोणाला मदत करते. त्यात एक प्रश्न असा : गेल्या बारा महिन्यांत, आईवडील सोबत नसताना, तुम्ही नातवंडाला सांभाळले का?

पहिल्या फेरीतील दहा देशांच्या माहितीवरून कार्स्टन हांक आणि इसाबेला बूबर या संशोधकांनी २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. १५ वर्षांपर्यंतचे नातवंड असलेल्या आज्यांपैकी ५८ टक्के आणि आजोबांपैकी ४९ टक्के जणांनी ‘हो’ असे उत्तर दिले होते. म्हणजे निबंधातील वाक्य येथेच डळमळीत होते.

खरे कोडे पुढे आहे. नातवंडांना अधूनमधून सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचे प्रमाण कोणत्या देशांत जास्त असेल? ज्यांच्याबद्दल ‘कुटुंबवत्सल’ अशी ख्याती आहे त्या इटली, स्पेन, ग्रीस या देशांत, असे आपण म्हणू. प्रत्यक्षात ते स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये जास्त निघाले. पण प्रश्न बदलून ‘दर आठवड्याला किंवा रोज सांभाळता का?’ असे विचारले की चित्र उलटते. तेथे इटली, स्पेन, ग्रीस पुढे जातात आणि उत्तरेकडचे देश मागे पडतात.

थोडक्यात, उत्तरेत पुष्कळ आजी-आजोबा थोडा थोडा वेळ देतात. दक्षिणेत त्या मानाने कमी जण देतात, पण जे देतात ते जवळजवळ पूर्ण वेळ देतात.

संस्कृती की पाळणाघर?

या फरकाचे एक स्पष्टीकरण इतिहासात शोधले जाते. जॉन हाजनाल यांनी १९६५ मध्ये सेंट पीटर्सबर्गपासून त्रिएस्तेपर्यंत एक रेघ कल्पिली होती. तिच्या पश्चिमेला लग्ने उशिरा होत आणि बरेच जण अविवाहित राहत. डेव्हिड रेहर यांनी १९९८ मध्ये पश्चिम युरोपातही दोन भाग दाखवले. उत्तरेकडे मुले लवकर घर सोडतात, तर भूमध्य सागराकाठच्या देशांत ती लग्न होईपर्यंत आईवडिलांपाशी राहतात. ही तफावत आजही दिसते. २०२३ मध्ये घर सोडण्याचे सरासरी वय फिनलंडमध्ये २१ वर्षांच्या आसपास होते आणि इटलीत ३० च्या.

पण संस्कृतीने सारे उलगडत नाही. जर्मनीचे उदाहरण पाहू. भाषा एक, चालीरीती बऱ्याच अंशी सारख्या; पण पूर्वीच्या पूर्व जर्मनीत सरकारने पाळणाघरांचे जाळे उभारले होते, पश्चिमेत ते फारसे नव्हते. एकीकरण १९९० मध्ये झाले. एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक बालकाला पाळणाघरातील जागेचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०१३ पासून देशभर लागू झाला. तरीही आज पूर्वेकडे तीन वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले पाळणाघरात जातात आणि पश्चिमेकडे सुमारे एकतृतीयांश. ज्याला आपण ‘संस्कृती’ म्हणतो त्यात व्यवस्थेचा वाटा किती असतो, हे यावरून लक्षात येईल.

आता कोडे सुटू लागते. डेन्मार्कमध्ये आई कामावर गेली की मूल पाळणाघरात असते. आजीला रोज यायची गरज नसते. मूल आजारी पडले, आईला उशीर झाला किंवा सुट्टी लागली की ती येते. इटलीत ज्या घरी आई नोकरी करत नाही तेथे आजीने सांभाळण्याचा प्रश्न फारसा येत नाही. पण आई नोकरीला लागली आणि पाळणाघर नसले की आजीला रोज सकाळपासून उभे राहावे लागते.

पाळणाघर आले म्हणजे आजी गेली, अशी भीती बऱ्याच जणांना वाटत असे. पाहणीने ती खोटी ठरवली. सार्वजनिक सेवा वाढली की नाते तुटत नाही, त्यातील कामाची विभागणी बदलते. म्हाताऱ्या आईवडिलांच्या बाबतीतही हेच दिसते. डेन्मार्कमध्ये वृद्धांना घरी येऊन अंघोळ घालणे, औषधे देणे ही कायमस्वरूपी मदत नगरपालिका विनाशुल्क देते. मुले-मुली मग बाजारहाट, कागदपत्रे, गप्पा, दवाखान्याच्या फेऱ्या यांत हातभार लावतात.

शिवाय या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. एकूण हिशेब मांडला तर युरोपात वेळ आणि पैसा या दोन्हींचा ओघ वरच्या पिढीकडून खालच्या पिढीकडे जास्त आहे. म्हातारी माणसे म्हणजे निव्वळ भार, हे चित्र निदान अतिवृद्धत्व येईपर्यंत तरी खरे नाही.

भार कोणाच्या खांद्यावर?

जेथे सेवा नाही तेथे कुटुंब ती पोकळी भरून काढते, एवढे म्हणून थांबता येणार नाही. कुटुंबातले नेमके कोण? आणि कोणते कुटुंब?

पहिली विषमता स्त्री-पुरुषांतली. अधूनमधून सांभाळण्यात आजोबाही मागे नाहीत, हे वरच्या आकड्यांत दिसलेच. पण रोजच्या कामात आजी पुढे असते, आणि त्यातही आजोळची, म्हणजे आईची आई. आईवडिलांच्या आजारपणातही मुलांपेक्षा मुलीच अधिक राबतात. सार्वजनिक सेवा जितकी अपुरी तितकी ही दरी रुंद.

दुसरी विषमता पैशाची आणि प्रदेशाची. युरोपीय संघाने २००२ मध्ये ठरवले होते की २०१० पर्यंत तीन वर्षांखालील निदान ३३ टक्के मुलांसाठी सोय व्हावी. इटलीत २०२१-२२ मध्येसुद्धा दर १०० मुलांमागे सुमारे २८ जागा होत्या. एमिलिया-रोमान्या या उत्तरेकडील सधन प्रांतात त्या ४० हून अधिक, तर दक्षिणेकडील काम्पानिया आणि सिसिलीत १५ हूनही कमी होत्या. म्हणजे जेथे गरिबी व बेकारी जास्त तेथेच पाळणाघरे कमी. सधन आई खासगी पाळणाघर किंवा दाई ठेवू शकते. कमी मिळकतीच्या आईपुढे दोनच वाटा उरतात : स्वतःची आई, नाही तर नोकरी सोडणे. इटलीत २०२३ मध्ये २० ते ६४ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ च्या आसपास स्त्रिया रोजगारात होत्या. युरोपीय संघाची सरासरी ७० होती. त्या आकड्यामागे हेही एक कारण आहे.

तिसरी विषमता वेळेची. ती समजण्यासाठी एक सोपे गणित करू. एक स्त्री २६ व्या वर्षी आई झाली आणि तिची मुलगी ३१ व्या वर्षी. म्हणजे पहिले नातवंड होताना आजी ५७ वर्षांची. १९९२ च्या सुधारणेपूर्वी इटलीत खासगी नोकरीतील स्त्रियांचे निवृत्तीचे नियमित वय ५५ होते. आपली आजी तेव्हा दोन वर्षे आधीच मोकळी झालेली असती. २०११ च्या अखेरच्या सुधारणेनंतर हे वय वाढत गेले आणि २०१९ पासून ते ६७ आहे. आता आजी मोकळी होईल तेव्हा नातवंड दहा वर्षांचे असेल! निवृत्तिवेतनाचा खर्च आवरण्यासाठी केलेला कायदा असा नकळत पाळणाघरच बंद करतो. आईची आई निवृत्त होऊ शकत असेल तर आई नोकरीत राहण्याची शक्यता वाढते, असे इटलीतील अभ्यासांत आढळले आहे. काम कार्यालयातले असेल तर साठीनंतर वेळ कमी करून घेता येतो. सफाई काम किंवा कारखान्यातली पाळी करणाऱ्या आजीला ही सवलत सहसा नसते, आणि तिची पाठ-गुडघेही लवकर कुरकुरू लागतात.

साखळीचे दुसरे टोक

नातवंडांचे झाले, पण आजोबाच अंथरुणाला खिळले तर? इटलीत गंभीर परावलंबित्व असलेल्या व्यक्तीला सरकार दरमहा ठरावीक भत्ता देते. २०२४ मध्ये तो सुमारे ५३० युरो होता. सेवेऐवजी रोख रक्कम हातात आल्यामुळे घरोघरी राहत्या सेविका ठेवण्याची पद्धत पडली. इटालियनमध्ये त्यांना ‘बादान्ते’ म्हणतात. त्यांतील बहुसंख्य रुमानिया, युक्रेन, मोल्दोव्हा अशा देशांतून आलेल्या आहेत.

या स्त्रियांपैकी अनेकींची मुले मागे गावीच राहतात. त्यांना कोण वाढवते? बहुधा तिकडची आजी. म्हणजे मिलानमधल्या आजोबांची शुश्रूषा अखेरीस मोल्दोव्हातल्या एका आजीच्या बिनपगारी श्रमांवर टेकलेली असते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी २००० मध्ये अशा रचनेला ‘जागतिक संगोपन-साखळी’ म्हटले. मोल्दोव्हातली ती आजी स्वतः अंथरुणाला खिळली तर तिच्याकडे पाहायला मुलगी जवळ नसते आणि सेविका ठेवायला पैसाही नसतो.

आपल्याकडील कुटुंबेही या चित्रात आहेत. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्या-नाशिकहून आजी जाते. पण अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. जर्मनीत बाळाचा पाळणाघराचा हक्क पहिल्या वाढदिवसानंतर सुरू होतो. मधले महिने पालकत्व-रजेने भरून काढावे लागतात. कधी सासरची आजी पाळीपाळीने जाते.

वर्गासाठी एक प्रश्न

नातवंडे सांभाळल्याने आयुष्य वाढते का? बर्लिनमधील ७० वर्षांवरील ५०० हून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नातवंडांना अधूनमधून सांभाळणारे आजी-आजोबा न सांभाळणाऱ्यांपेक्षा जास्त वर्षे जगल्याचे त्यात दिसले. मग सांभाळणे हे कारण आणि दीर्घायुष्य हा परिणाम म्हणावा काय? विद्यार्थ्यांना विचारा. ज्यांची प्रकृती मुळात चांगली त्यांच्याकडेच मूल सोपवले जात असेल, ही शक्यता कोणीतरी नक्की मांडेल. संशोधकांनी प्रकृतीतील फरकाचा हिशेब धरला होता, तरी अशी शंका पूर्णपणे मिटत नाही. आणखी एक गोष्ट निदर्शनास आणावी : पालकांच्या जागी पूर्ण जबाबदारी घेतलेले आजी-आजोबा या अभ्यासात नव्हते. म्हणून हा निष्कर्ष रोज राबणाऱ्या आजीला लावता येणार नाही.

काही देशांनी आता आजीच्या श्रमांची नोंद घ्यायला सुरुवात केली आहे. ब्रिटनमध्ये १२ वर्षांखालील नातवंड सांभाळणाऱ्या आजीला, तिचे निवृत्तीचे वय झालेले नसेल तर, २०११ पासून निवृत्तिवेतनाच्या खात्यात त्याचे श्रेय मिळू शकते. हंगेरीत जानेवारी २०२० पासून नोकरदार आजी-आजोबांना बालसंगोपन भत्ता घेता येतो. स्वीडनमध्ये जुलै २०२४ पासून आईला आणि वडिलांना आपापल्या सशुल्क रजेतील ४५ दिवसांपर्यंतचे दिवस आजी-आजोबांसारख्या दुसऱ्या कोणाला देता येतात. यात एक फरक ध्यानात घ्यावा. स्वीडनमध्ये पाळणाघर आधीच आहे, त्यामुळे तेथील आजीला ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे. पाळणाघर नसलेल्या गावात आजीला भत्ता मिळाला तरी ही मुभा मिळत नाही.

तेव्हा निबंधातील त्या वाक्याखाली लाल रेघ ओढताना समासात एक प्रश्न लिहावा : ‘नातवंडाला सांभाळणाऱ्या आजीला दुसरा पर्याय होता का?’ त्याचे उत्तर शोधताना विद्यार्थ्याला युरोपातले पाळणाघर, निवृत्तीचे वय आणि आजीची मिळकत या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतील.